कवचधारी प्राण्यांतील निर्मोचनाचे अंतःस्रावी नियंत्रण

खेकडा, कोळंबी, शेवंड इत्यादी कवचधारी प्राण्यांचे बाह्यकवच ताठर असल्याने त्यांची वाढ अखंडपणे न होता टप्प्याटप्प्याने होते. जुने कवच टाकताच प्राणी पाणी शोषून फुगतो आणि नवे कवच मऊ असते तेवढ्या अवधीतच त्याचा आकार वाढतो. ही क्रिया म्हणजे निर्मोचन. या वेळी प्राणी शत्रूंपुढे सर्वस्वी असहाय असतो. म्हणून निर्मोचनाची वेळ हा त्याच्या जीवनमरणाचा प्रश्न होय. ती वेळ कशी ठरते?

१९०५ मध्ये झेलेनी यांनी फिडलर खेकड्याचे नेत्रदंड काढले असता दोन निर्मोचनांमधील अवधी कमी झाला. अवयव काढल्याने क्रिया थांबावी, तो येथे ती त्वरेने घडली. यावरून नेत्रदंडात निर्मोचनास रोखणारा स्राव असला पाहिजे, असे अनुमान निघते. हा स्राव एक्स-इंद्रियातील मज्जास्रावी पेशींत तयार होतो व त्यांच्या अक्षतंतूंतून सायनस ग्रंथीत येऊन साठतो, हे १९५० नंतर ब्लिस व पॅसानो यांच्या संशोधनाने स्पष्ट झाले.

परंतु अवरोध दूर होणे आणि चालना मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. चालना देणाऱ्या वाय-इंद्रियाचे वर्णन गाब यांनी १९५३ मध्ये केले. पुढे एशालिए यांनी हिरव्या खेकड्यातील हे इंद्रिय काढले, तेव्हा निर्मोचन थांबले. त्यातून स्रवणाऱ्या एक्डायसोनचे इतर ऊतकांत क्रियाशील रूपांतर होते. ते रूप १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात शेवंडापासून वेगळे करण्यात आले. अवरोधक संप्रेरकाची रचनाही वेब्स्टर यांनी १९९१ मध्ये निश्चित केली. त्यात ७८ ॲमिनो आम्ले आहेत. निर्मोचन जवळ येताच वाय-इंद्रिय या अवरोधकाला दाद देईनासे होते. म्हणजे नियंत्रण केवळ स्रावाच्या प्रमाणावर नव्हे, तर तो स्वीकारणाऱ्या ग्रंथीच्या अवस्थेवरही अवलंबून आहे.

येथे अभ्यासकाने एक सावधगिरी बाळगावी. नेत्रदंडातून रक्तशर्करा, वर्णपरिवर्तन व अंडाशयाची वाढ यांचे नियमन करणारी संप्रेरकेही स्रवतात. कोळंबीच्या बीजोत्पादन केंद्रांत मादीचा एक नेत्रदंड काढतात, तो अंडाशय लवकर पक्व व्हावा म्हणून. सारांश, नेत्रदंड काढल्यावर दिसणारा प्रत्येक परिणाम एकाच संप्रेरकाच्या पदरी घालता येत नाही. एक ग्रंथी काढून व दुसरी राखून केलेल्या प्रयोगांची सांगड घातली, तरच कार्यकारणभाव सिद्ध होतो.