मधाचा हंगाम संपला, कामकरी मात्र कामावरच

मेच्या अखेरीस तोरण्यावर ढग टेकायला लागतात, वरंध घाटाकडून गार वारा सुटतो आणि भोर-वेल्ह्यात घाई उडते. कौलं परतून होतात, गोवऱ्या आत येतात, सरपण आडोशाला जातं. ज्यांच्याकडे मधाच्या पेट्या आहेत ते शेवटची काढणी उरकतात. वेल्ह्याचं नाव सरकारी कागदावर आता राजगड तालुका झालंय. मधमाश्यांना अजून कुणी कळवलेलं दिसत नाही, त्या जुन्याच पत्त्यावर आहेत.

असाच एक गोड हंगाम कॅनडात एप्रिलच्या सुमाराला आटोपतो, तो मेपलच्या पाकाचा. तिकडे रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा जरा ऊब असेल तेव्हा मेपलच्या खोडातून रस ठिबकतो. त्यात साखर जेमतेम दोन टक्के. साधारण ४० लिटर रस आटवला की एक लिटर पाक हाती लागतो. झाडाच्या कळ्या फुगल्या की रसाची चव बिघडते आणि बादल्या धुऊन ठेवतात.

आपल्याकडे आटवण्याचं काम माश्याच करतात, तेही सरपण न जाळता. फुलातल्या रसात बऱ्याचदा सत्तर-ऐंशी टक्के पाणी असतं. माश्या तो तोंडातोंडी फिरवतात, पोळ्यात पसरतात, रात्रभर पंखांनी वारा घालतात आणि पाणी वीस टक्क्यांच्या आसपास उतरलं की घरावर मेणाचं झाकण लावतात. झाकण लागलं म्हणजे मध पिकला. चांगला मधपाळ पेटीतल्या चौकटीवर बरीचशी झाकणं दिसेपर्यंत हात लावत नाही.

वळवाने वाजवलेली घंटा

वळीव पडला की गणित फिरतं. हवा दमट, फुलांतला रस पातळ, त्यामुळे पंखाने वारा घालूनही पाणी उडत नाही. असा कच्चा मध बाटलीत भरला तर त्यातलं यीस्ट जागं होतं, मध आंबतो, फेसाळतो, झाकण उघडताना फुस्स आवाज येतो. म्हणून जांभूळ आणि हिरडा आटोपला की पाऊस यायच्या आत मध काढायचा, ही घाटमाथ्याची रीत. गंमत म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा जागतिक मधमाशी दिन २० मे रोजी येतो. तो ठरवला स्लोव्हेनियाच्या आंतोन यान्शा या अठराव्या शतकातल्या मधपाळाच्या जन्माची आठवण म्हणून. सह्याद्रीतल्या मधपाळाला मात्र त्या दिवशी भाषणाला जायची सवड नसते, तो मध काढणी यंत्राची दांडी फिरवत असतो.

हे यंत्र म्हणजे एक पिंप. चौकटीवरची मेणाची झाकणं सुरीने काढून चौकट आत उभी करायची आणि गरगरा फिरवायची. मध पिंपाच्या भिंतीवर उडतो, पोळं शाबूत राहतं. हे पोळं परत पेटीत ठेवलं की माश्यांचं मेण बांधण्याचं मोठं काम वाचतं. पोळं पिळून मध काढणारा मधाबरोबर अंडी, अळ्या, परागकण सगळंच पिळतो, आणि पुढच्या हंगामाचं घरही मोडतो.

एक कामकरी माशी आयुष्यभरात चहाच्या चमच्याचा साधारण बारावा भाग मध करते, असा पाश्चात्त्य माशीचा हिशेब आहे. त्या हिशेबाने अर्ध्या किलोच्या बाटलीत आठशेहून जास्त माश्यांची हयात जाते. आपली सातेरी माशी अंगाने लहान, म्हणजे आकडा वाढणारच. भर हंगामात कामकरी जगते सहाएक आठवडे. मार्चमध्ये जांभळाचा मोहर चाखलेली माशी जूनचा पाऊस बघायला नसते. राणी तेवढी दोन-तीन वर्षं टिकते.

डोंगरातली चार घराणी

आग्या, सातेरी, फुलोरी आणि डंख नसलेली बारकी माशी अशी चार घराणी या डोंगरात नांदतात. फुलोरीचं पोळं झुडपाच्या फांदीला, तळहाताएवढं. बारकी माशी भिंतीच्या भेगेत नाही तर झाडाच्या ढोलीत राहते. मध देते अगदी बेताचा, पण औषधाला त्याला मागणी मोठी.

आग्याचा थाट वेगळा. उंच झाड नाही तर उभा कडा, आणि त्याला लटकलेलं एकच एक भलंमोठं मोहोळ, कधी कधी मीटरभर रुंद. राजगडावर सुवेळा माचीच्या नेढ्याकडे जाणाऱ्यांना गावकरी आधीच बजावतात: अत्तर लावू नका, आरडाओरडा करू नका, धूर करू नका. शत्रू जवळ आला की मोहोळावरच्या हजारो माश्या एकामागून एक पोटं वर उचलतात आणि सगळ्या मोहोळावरून एक लाट सळसळत जाते. गांधीलमाशी बिचकते. माणसानेही बिचकलेलं बरं.

पावसाळ्यात ही आग्या मंडळी डोंगर सोडतात. मोकळं मोहोळ कड्यावर लोंबत राहतं. पाऊस सरला, फुलोरा आला की परत येतात, आणि बऱ्याचदा त्याच झाडावर. आसामातल्या आग्या माश्यांची जनुकं तपासून संशोधकांनी २००० साली दाखवलं, की परतणाऱ्या काही वसाहती खरोखर त्याच राणीच्या होत्या. मधल्या काळात कामकरी माश्यांच्या पिढ्या बदललेल्या, तरी पत्ता चुकत नाही. तो नेमका कोण लक्षात ठेवतं, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

आग्याचा मध काढणारी कातकरी मंडळी धुराचा पलिता घेऊन मोहोळ झाडतात, तेही शक्यतो अंधाऱ्या रात्री. यात माश्या होरपळतात आणि पिल्लांचं पोळंही जातं. पण मोहोळात मध वरच्या बाजूला एका टोकाला असतो, पिल्लं वेगळ्या भागात. जाळीचा पोशाख घालून तेवढाच मधाचा भाग कापला, तर माश्या राहतात, पोळं पुन्हा भरतं आणि त्याच मोहोळातून एका हंगामात पुन्हा मध मिळतो. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने ही पद्धत शिकवली आहे. एका मोहोळाचा मध दोनदा विकता येत असेल तर पलित्याचा हट्ट कशाला?

सातेरीचा रुसवा

पेटीत राहायला तयार होते ती सातेरी. पण ती मानी आहे. खायला कमी पडलं, मुंग्यांनी छळलं, पेटी गळायला लागली, की सगळी वसाहत राणीला घेऊन उठते आणि पेटी रिकामी. पाश्चात्त्य माशी एवढ्या सहजी घर सोडत नाही, तिच्या पेटीला मधही कितीतरी जास्त मिळतो. सातेरीच्या पेटीला वर्षाकाठी पाच-दहा किलो मिळाला तरी मधपाळ खूश. मग सातेरीच का? कारण ती इथली आहे. वरोआ नावाची परोपजीवी कीड मूळची हिच्याच अंगावरची. हिला ती ओरबाडून काढायची सवय आहे. हीच कीड पाश्चात्त्य माशीवर गेली तेव्हा जगभरच्या मधपाळांची झोप उडाली.

गांधीलमाशीसाठी सातेरीकडे खास युक्ती आहे. पेटीच्या दारात आलेल्या गांधीलमाशीला शेकडो कामकरी घेरतात, गोळा करून तिच्यावर बसतात आणि अंग थरथरवून उष्णता निर्माण करतात. गोळ्याच्या आत पारा ४६ अंशांच्या आसपास जातो. गांधीलमाशी भाजून मरते. सातेरीला थोडी जास्त उष्णता सोसते, एवढ्याच फरकावर सगळा डाव उभा आहे.

उपाशी राहिली की सातेरी पेटी सोडते, म्हणूनच हंगाम संपवताना सगळ्यात महागात पडते ती हाव. पेटीच्या वरच्या मधकोठीतला मध माणसाचा, खालच्या पिलावकोठीतला माश्यांचा, हा करार पाळायचा. जून ते ऑगस्ट आडव्या पावसात माश्यांना बाहेर पडता येत नाही आणि फुलंही बेताचीच. त्या दिवसांत आत साठा नसेल तर समान साखर-पाण्याचा पाक संध्याकाळी पेटीच्या आत ठेवतात. संध्याकाळी अशासाठी, की दिवसा वास सुटला तर शेजारच्या पेटीतल्या माश्या दरोडा घालतात. मधकोठी चढवलेली असताना मात्र पाक द्यायचा नाही, नाही तर तोच पाक बाटलीत उतरतो आणि गिऱ्हाईक चवीवरून ओळखतं.

बाकीची आवराआवर अशी: पेटीच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवणं, पेटीला पुढे किंचित उतार देणं, छपरावर पत्रा आणि वर दगड, दाराशी उगवलेलं गवत काढणं. काढून ठेवलेल्या मोकळ्या पोळ्यांवर मेणकिड्याचा डोळा असतो. या पतंगाच्या अळ्या मेण पोखरून जाळी विणतात आणि दोन आठवड्यांत शाबूत पोळ्याचा भुगा करतात. त्यामुळे पोळी घट्ट बंद करून ठेवायची आणि मधूनमधून उघडून बघायची. पावसाळ्यात मधपाळाला सुट्टी असते, ही समजूत शहरातली.

पुढच्या वर्षाची वही

पाऊस ओसरला की डोंगरउतारावरचा कारळा, म्हणजेच खुरासणी, पिवळा होतो. रायरेश्वरासारख्या पठारांवर सोनकी फुलते. उपाशी वसाहती इथे अंग धरतात. हिवाळ्यात पिसा, मग गेळा, जांभूळ, हिरडा असा क्रम लागतो. सातेरी साधारण किलोमीटर-दीड किलोमीटरच्या टापूतच हिंडते. एक किलोमीटर त्रिज्येचा वर्तुळाकार टापू धरला तरी तो भरतो ३१४ हेक्टर. पुढच्या हंगामाचा मध किती, हे त्या वर्तुळात कोणती झाडं उभी आहेत यावर ठरतं. त्यात वणवा लागला किंवा जांभळं तोडून फार्महाऊसचं कुंपण आलं, तर पेटी कितीही चांगली असो, ती लाकडी खोकंच.

आणि मग कारवी. ही पुढच्या वर्षाच्या नियोजनात बसत नाही, हिचं वेळापत्रक सात-आठ वर्षांचं. एका टापूतल्या कारव्या एकदमच फुलतात, डोंगर जांभळा होतो, बी धरतं आणि झाडं मरतात. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ ला फुलली. आपल्या डोंगरांचं वर्ष वेगळं असू शकतं, ते गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावं. त्याच्या घराचा कूडही कारवीचाच असण्याची शक्यता बरीच. वाळकी बोंडं पुढच्या पावसाचं पाणी लागलं की तडतड फुटतात, आणि ज्याने ऐकलं नाही त्याला रानात कुणी फटाके लावले असं वाटतं.

कारवीचा मध दाट आणि गडद. त्याचा एक सरकारी मान फार थोड्यांना माहीत आहे. देशाच्या अन्नसुरक्षा मानकांत मधातल्या सुक्रोजला कमाल ५ टक्क्यांची मर्यादा आहे. कारवीच्या मधाला मात्र नाव घेऊन १० टक्क्यांची सवलत दिली आहे. सह्याद्रीतल्या एका झुडपासाठी राष्ट्रीय नियमात वेगळी ओळ! आंब्यालाही हेवा वाटावा.

नव्याने पेटी ठेवू पाहणाऱ्याला शिकायला लांब जावं लागत नाही. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. दक्षिणेला डोंगरापलीकडे महाबळेश्वरात राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे. त्याच तालुक्यातलं मांघर मे २०२२ मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. भोर-वेल्ह्याकडे डोंगर तोच, जांभूळ तेच, पाऊसही तोच. इथल्या एखाद्या गावाने मनावर घेतलं तर पुढचा मान हक्काचा आहे.

बाटली घरी आल्यावर

मध थिजला, साखरेसारखा रवाळ झाला म्हणजे भेसळ, हा समज सोडून द्या. मधातलं ग्लुकोज थंडीत रवे धरतं. बाटली कोमट पाण्यात ठेवली की तो परत पातळ होतो. काडेपेटीची काडी मधात बुडवून पेटवणं, कुत्र्यापुढे मध ठेवणं, हे सगळे प्रयोग करमणुकीपुरते ठीक, भेसळ कळते ती प्रयोगशाळेतच. जांभळाचा मध गडद आणि जरासा कडवट लागतो, म्हणून तो परत करायला जाऊ नका. आणि घरात बारसं असेल तर एवढं लक्षात ठेवा: वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, गुटी उगाळायलाही वापरू नये. मधात बोटुलिझमचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते काही करत नाहीत, तान्ह्याच्या आतड्याला ते झेपत नाहीत. आजी रागावली तर डॉक्टरांचं नाव पुढे करा.

शेवटी खरेदीचं. धो धो पावसात घाटाच्या वळणावर कुणी बादलीत पोळं दाखवत ‘आत्ताच काढलेला, ताजा’ म्हणाला, तर थांबून एवढंच विचारा: कुठल्या फुलाचा? श्रावणात जांभूळ सांगितलं तर गाडीची काच वर करा. मेमध्ये काढून ठेवलेला आहे, हिरड्याचा आहे, गेल्या महिन्यात गाळला, असं सांगणारा भेटला तर त्याच्याकडून दोन बाटल्या घ्या आणि पुढच्या मेसाठी नाव नोंदवून ठेवा.