मैदानावर कोसळलेला खेळाडू आणि पंचाची शिट्टी

१२ जून २०२१ रोजी कोपनहेगन येथे युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेतील डेन्मार्क-फिनलंड सामना चालू होता. मध्यंतर जवळ आले असताना डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन बाजूच्या रेषेपाशी चेंडू घेण्यासाठी धावला आणि कोणाचाही धक्का लागलेला नसताना जमिनीवर कोसळला. इंग्लिश पंच अँथनी टेलर यांनी तत्काळ शिट्टी फुंकली आणि वैद्यकीय पथकाला आत बोलावले. एरिक्सनचे हृदय बंद पडले होते. ते मैदानावरच उपचार करून पुन्हा चालू करण्यात आले. २०२२ मध्ये तो व्यावसायिक फुटबॉल पुन्हा खेळू लागला. टेलर यांनी जे केले ते इतके स्वाभाविक वाटते की, त्यात वाखाणण्यासारखे काय आहे, असा प्रश्न कोणालाही पडावा. परंतु फुटबॉलचा पंच एरवी कोणत्या परिस्थितीत निर्णय घेतो हे पाहिले म्हणजे या तत्परतेचे मोल ध्यानात येते.

दुखापतीसंबंधीचा नियम वरकरणी सोपा आहे. खेळाडूला गंभीर इजा झाली असेल तर खेळ ताबडतोब थांबवावा. किरकोळ असेल तर चेंडू खेळाबाहेर जाईपर्यंत तो चालू ठेवावा. इजा गंभीर की किरकोळ, हे मात्र पंचाने ठरवावयाचे. पंच हा वैद्य नव्हे. तो वीस-पंचवीस यार्डांवरून धावत असतो, त्याचे लक्ष चेंडूवर असते आणि पडलेल्या खेळाडूचे सहकारी व प्रतिस्पर्धी दोन्ही बाजूंनी ओरडत असतात. अशा स्थितीत ज्या रोगनिदानासाठी डॉक्टरला यंत्रे आणि अवधी लागतो, ते त्याने एका क्षणात करावे, अशी आपली अपेक्षा असते.

त्यात खोट्या दुखण्याची भर पडते. आघाडीवर असलेल्या संघाचा खेळाडू अखेरच्या दहा मिनिटांत पोटरी धरून लोळू लागला की प्रेक्षकांनाही हसू येते. अर्थशास्त्रात ग्रेशॅमचा म्हणून एक नियम आहे : हिणकस नाणे चांगल्या नाण्याला चलनातून हुसकावून लावते. मैदानावरील वेदनेचे तसेच झाले आहे. दहा जण ढोंग करू लागले की अकराव्याच्या खऱ्या किंकाळीवर कोणी विश्वास ठेवीत नाही. ढोंगाबद्दल ताकीद देण्याची तरतूद नियमांत आहे. पण जमिनीवर विव्हळणाऱ्या माणसाला पिवळे कार्ड दाखविण्याचा धीर किती पंचांना होईल? आणि त्याला खरोखरच लागले असले तर ?

ही जबाबदारी बरीच वर्षे खेळाडूंनीच आपसात वाटून घेतली होती. कोणी पडला की प्रतिपक्षाने चेंडू मुद्दाम बाहेर मारावा आणि नंतर तो सौजन्याने परत मिळावा, असा अलिखित संकेत होता. १३ फेब्रुवारी १९९९ रोजी इंग्लंडच्या एफ. ए. कप स्पर्धेत आर्सेनल आणि शेफील्ड युनायटेड यांच्यात १-१ अशी बरोबरी असताना शेफील्डच्या गोलरक्षकाने आपल्या जायबंदी सहकाऱ्यासाठी चेंडू बाहेर मारला. आर्सेनलने तो परत फेकला खरा, पण नव्यानेच संघात आलेल्या कानूने तो अडवून पुढे दिला आणि ओव्हरमार्सने गोल केला. नियमाप्रमाणे गोल निर्दोष होता. पंचाला तो नाकारता येत नव्हता. आर्सेनलचे प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी स्वतः होऊन सामना पुन्हा खेळण्याची तयारी दाखविली आणि तो दहा दिवसांनी पुन्हा खेळला गेला. या उदारपणाचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण जी व्यवस्था एका माणसाच्या उदारपणावर चालते ती व्यवस्थाच नव्हे. शिवाय प्रतिपक्ष चेंडू बाहेर मारील याची खात्री असली की पडण्यातला नफा वाढतो, हेही उघड आहे.

नियम करणाऱ्यांनी अलीकडे धरलेला मार्ग अधिक शहाणपणाचा आहे. खरे-खोटे त्या क्षणी ठरवू नये, थांबलेल्या खेळाचा हिशेब नंतर करावा, असे त्याचे सूत्र दिसते. पूर्वी दुखापतीसाठी खेळ थांबविला की पंच चेंडू दोन्ही संघांच्या मध्ये टाकीत असे, आणि चेंडू ज्याच्याजवळ होता त्याचे नुकसान होई. २०१९ च्या दुरुस्तीने तो चेंडू ज्या संघाने शेवटी खेळला त्यालाच निर्वेधपणे परत मिळू लागला. शिट्टी फुंकण्याची किंमत त्यामुळे पुष्कळ उतरली, जरी रंगात आलेली चढाई मोडते ती मोडतेच. वाया गेलेली वेळही आता पदरात टाकली जाते. २०२२ च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध इराणच्या गोलरक्षकाच्या डोक्याला मार लागला, तेव्हा पहिल्या सत्रात तब्बल १४ मिनिटे वाढवून देण्यात आली. मैदानावर उपचार घेणाऱ्याने बाहेर जाऊन खेळ सुरू झाल्यावरच परतावे, हा दंडकही याच हिशेबातला. मात्र त्याचा जाच खऱ्या जखमीलाच होत असे : ज्याने लाथ मारली तो आत आणि ज्याला लागली तो बाहेर ! लाथ मारणाऱ्याला कार्ड मिळाले असेल आणि उपचार झटपट उरकले असतील तर जखमीने बाहेर जाण्याचे कारण नाही, ही दुरुस्ती व्हायला २०१६ साल उजाडावे लागले.

दोन चुकांची तुलना येथे केली पाहिजे. ढोंग्यासाठी खेळ थांबविला तर एखादी चढाई वाया जाते. खऱ्या जखमीसाठी थांबविला नाही तर काय जाते, ते ८ जुलै १९८२ रोजी सेव्हिल येथे दिसले. विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात पश्चिम जर्मनीचा गोलरक्षक शूमाखर फ्रान्सच्या बातिस्तोंवर वेगाने आदळला. बातिस्तों बेशुद्ध पडला, त्याचे दात गेले, पाठीच्या मणक्याला इजा झाली. डच पंच चार्ल्स कोर्व्हर यांनी गुन्हा दिला नाही, कार्ड दाखविले नाही. खेळ गोलकिकने पुढे सुरू झाला. भारतात ५ डिसेंबर २००४ रोजी, बंगळूर येथील फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात, गोव्याच्या धेंपो क्लबचा ब्राझिली खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर आपला दुसरा गोल करताना मोहन बागानच्या गोलरक्षकाशी झालेल्या धडकेनंतर कोसळला आणि मरण पावला. धेंपोने तो चषक जिंकला. जिंकून देणारा मात्र राहिला नाही. या दोन पारड्यांत समतोल शोधणे व्यर्थ आहे. जेथे शंका असेल तेथे पंचाने थांबवावे आणि फसला गेल्याचा कमीपणा मानू नये.

डोक्याच्या दुखापतीत तर ढोंगाचा प्रश्न उलटा होतो. तेथे खेळाडू दुखणे लपवितो. २०१४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीचा क्रामर डोक्याला मार लागल्यावरही सुमारे पाव तास खेळत राहिला. हा अंतिम सामनाच आहे ना, असे त्याने इटालियन पंच रिझोली यांनाच विचारले, तेव्हा त्यांनी त्याच्या सहकाऱ्याला सावध केले. त्यानंतर काही आठवड्यांतच फिफाने तपासणीसाठी तीन मिनिटांपर्यंत खेळ थांबविण्याची आणि संघाच्या डॉक्टरने संमती दिली तरच खेळाडूला पुढे खेळू देण्याची पद्धत आणली. निर्णय जाणकाराकडे गेला, हे योग्यच झाले. पण संघाचा डॉक्टर हा संघाचाच पगारदार असतो, आणि पाचव्या मिनिटाला मुख्य खेळाडू बाहेर काढणे संघाला परवडत नसते. मेंदूला धक्का बसलेल्या खेळाडूऐवजी जादा बदली खेळाडू देण्याची तरतूद २०२४ मध्ये नियमांत आली, तीमुळे ही अडचण कमी व्हावी. परंतु ती ऐच्छिक आहे, ती लागू करायची की नाही हे त्या त्या स्पर्धेचे संयोजक ठरवितात.

आपल्याकडील शाळा-महाविद्यालयांच्या सामन्यांत बहुधा डॉक्टरही नसतो आणि क्रीडाशिक्षकच शिट्टी घेऊन पंच होतो. डोके आपटून उठलेला मुलगा ‘सर, मी ठीक आहे’ म्हणतो, मित्र त्याला पाठिंबा देतात, सामना हातातून निसटत असतो. त्या मुलाचे म्हणणे ऐकण्याचे बंधन पंचावर नाही. दुखापतीमुळे बाहेर गेलेला खेळाडू पंचाच्या परवानगीवाचून आत येऊ शकत नाही, एवढा अधिकार नियमाने त्या क्रीडाशिक्षकालाही दिलेला आहे.