पाय मुरगळला असतां

मृगाच्या सरी पडून वाफसा आला म्हणजे शेतकऱ्यास एक दिवसहि घरीं बसणें परवडत नाहीं. नेमका त्याच दिवसांत ओल्या बांधावरून पाय निसटतो, घोटा आंत वळतो आणि चमक डोक्यापर्यंत जाते. मग कढत तेलानें चोळून, करकचून फडकें बांधून मनुष्य दुसऱ्या दिवशीं तिफणीमागें उभा राहतो. एक दिवस वांचविण्याच्या या घाईनें हंगाम कसा जातो, तें आम्हीं स्वतः अनुभविलें आहे.

हाडास हाड जखडून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्यांस अस्थिबंध म्हणतात. स्नायूस हाडाशीं जोडणाऱ्या दोरीस कंडरा म्हणतात. घोटा आंत वळला म्हणजे बहुधा बाहेरच्या अंगाचे अस्थिबंध ताणतात किंवा तुटतात. त्यांस रक्ताचा पुरवठा बेताचाच असल्यामुळें ते सावकाश सांधतात.

प्रथम हाड मोडलें आहे कीं काय, हें पाहावें. कानडा देशांतील ओटावा शहरीं १९९२ सालीं डॉक्टरांनीं याकरितां सोपे नियम घालून दिले. घोट्याच्या दोहों अंगांच्या उंचवट्यांची मागील कड किंवा टोंक दाबतां हाड दुखत असेल. करंगळीकडील कडेस, पावलाच्या मध्यावर असलेला हाडाचा उंचवटा किंवा आंतील अंगास कमानीवरचें हाड दुखत असेल. अथवा दुखापत होतांच व पुढें तपासणीच्या वेळींहि चार पावलें टाकवत नसतील, तर क्ष-किरणांचें चित्र काढविणें अवश्य आहे. मधुमेहानें पाय बधिर झालेल्यांनीं या परीक्षेवर न विसंबतां डॉक्टरांस दाखवावें.

हाड शाबूत असल्यास पुढीलप्रमाणें वागावें. पहिले दोन-तीन दिवस चोळणें, शेकणें व मद्य हीं वर्ज्य करावीं. यांनीं आंतला रक्तस्राव व सूज वाढते. फडक्यांत गुंडाळलेला बर्फ किंवा गार पाण्याची घडी १५ ते २० मिनिटें ठेवावी व दिवसांतून कांहीं वेळां हें करावें. पट्टा बोटांकडून वर गुंडाळीत न्यावा. बोटें निळीं पडलीं किंवा बधिर झालीं तर तो लगेच सैल करावा. निजतांना पाय उशीवर, छातीहून उंच असावा.

तथापि महिनाभर बाजेवर पडून राहणेंहि हितकर नव्हे. दुखणें सोसेल त्या बेतानें दोन-तीन दिवसांनंतर घोटा हळूहळू हलवावा व पावलावर थोडा थोडा भार द्यावा. पुढें भिंतीस हात टेकून एका पायावर उभें राहण्याचा सराव करावा. यानें तोल सुधारतो आणि घोटा पुन्हां वळण्याची भीति कमी होते. साधी लचक एक ते तीन आठवड्यांत बरी होते. अस्थिबंध पुरता तुटल्यास तीन महिनेहि लागतात.

टांचेवरील धोंडशिरेची गोष्ट निराळी आहे. मागून कोणी लाथ मारल्यासारखें वाटून कट्‌कन आवाज झाला आणि चवड्यांवर उभें राहवेना, तर ती तुटल्याचा संशय धरावा. रोग्यास पालथें निजवून पाऊल बाजेबाहेर लोंबू द्यावें व पोटरी दाबावी. पाऊल हललें नाहीं तर त्याच दिवशीं इस्पितळ गांठावें. येथें दिरंगाई केल्यास चाल कायमची बिघडूं शकते.

आमचा पाय पेरणीच्या दिवसांत मुरगळला. आम्हीं त्याच रात्रीं तो चोळून घेतला, तिसऱ्या दिवशीं औतामागें गेलों, आणि तोच घोटा पुन्हां वळला. दोन महिने हातीं काठी आली. उरलेली पेरणी मजुरांकडून उशिरां झाली व पीकहि हलकें आलें. बैल लंगडला कीं आपण त्यास जू लावीत नाहीं. तीच दया स्वतःच्या पायावर करावी, इतकीच वाचकांस विनंती आहे.