गाडी किती देते?

नवी गाडी दारात उभी राहिली की तिच्यावरची हळदकुंकवाची बोटे वाळायच्या आत शेजारचा माणूस विचारतो, ‘किती देते?’ गाडीचा रंग, तिची ताकद, ब्रेक, बसायची सोय हे सगळे मागाहून. आपल्या मध्यमवर्गीय माणसाने गाडी पहिल्यापासून दुभत्या जनावरासारखीच जोखली आहे. त्यात चूक काही नाही. चूक असलीच तर ती एवढीच, की उत्तरादाखल जो आकडा येतो, तो आपल्याच रस्त्याचा आहे असे आपण धरून चालतो.

हा प्रश्न यंदा आमच्या घरात आला तो हरिहरेश्वरहून. तिथे आमचे वडिलोपार्जित घर आणि नारळी-पोफळीची वाडी आहे. ती धाकटा भाऊ सांभाळतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आले आणि दुपारच्या चार तासांत आजोबांनी लावलेल्या पोफळी आडव्या झाल्या. भावाने पुन्हा रोपे लावली. पोफळ लावल्यावर सुपारी हाती यायला पाच-सात वर्षे लागतात. म्हणजे आता कुठे दिवस बरे यायचे, तर गेल्या वर्षी भावाच्या छातीवर शस्त्रक्रिया झाली. वहिनी आधीच गेलेली. घरात तो आणि त्याची मुलगी, म्हणजे माझी पुतणी.

पुतणीची नोकरी माणगावच्या थोडे पुढे, मुंबई-गोवा महामार्गालगत. हरिहरेश्वरहून म्हसळा, घोणसे घाट, साई, मोर्बा करीत जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर होतात. इतके दिवस ती एस.टी.ने, गाडी बदलत जायची. आता कामाची वेळ सकाळची झाली. दोनच मार्ग उरले. माणगावला खोली घ्यायची, नाहीतर गाडी. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याकडे २०१९ सालची पेट्रोलवर चालणारी सियाझ होती, ती त्याला विकायची होती. ‘आठ दिवस वापरून पाहा, मग बोला,’ असे म्हणून त्याने किल्ली दिली. पुतणीने मला फोन केला. ‘काका, तुम्ही आयुष्यभर लोकांच्या गाड्यांना कर्जं दिलीत. आता माझा हिशोब करा. आणि ती हायब्रिड आहे म्हणतात, त्याने काय होतं तेही सांगा.’

मी गेलो. आठ दिवस तिच्या शेजारी बसून त्या रस्त्याने हिंडलो.

प्रथम ‘हायब्रिड’ या शब्दाचे पाहू. पेट्रोल आणि वीज अशी जोडी लावलेली गाडी म्हणजे हायब्रिड. जपानमध्ये १९९७ साली टोयोटाची प्रियस आली तेव्हापासून हा शब्द रुळला. पण त्यात दोन जाती आहेत. एकीत मोठी मोटर आणि मोठी बॅटरी असते, आणि गाडी काही काळ नुसत्या विजेवर चालते. आपल्याकडे २०२२ साली आलेली होंडा सिटीची हायब्रिड आवृत्ती या जातीची. दुसरी जात सौम्य हायब्रिडची. हिच्यात गाडी चालवते पेट्रोलच. एक छोटी मोटर, जी एरवी डायनॅमोचे काम करते, ती इंजिनाला जोर लागेल तेव्हा हातभार लावते. ब्रेक दाबला की वाया जाणारी थोडी ताकद विजेच्या रूपाने साठवते. आणि गाडी थांबली की इंजिन बंद करून क्लच दाबताच झटकन चालू करते. सियाझ २०१४ साली बाजारात आली, २०१५ मध्ये तिच्या डिझेल गाडीला ही सोय मिळाली, २०१८ मध्ये दीड लिटरच्या पेट्रोल इंजिनालाही. २०२५ मध्ये ही गाडीच बंद झाली. म्हणजे आता मिळेल ती वापरलेलीच.

आता या मोटरची वीज साठते कुठे? पुढच्या डाव्या आसनाखाली एक लहानशी लिथियम बॅटरी असते, तिच्यात. अशा बॅटरीत साठणारी वीज घरगुती मीटरच्या भाषेत एका युनिटचा दहावा भागही नसते. आपण उदारपणे दहावा भाग धरू. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिट ऊर्जा असते. त्यातली पाऊण इंजिनाच्या उष्णतेत आणि धुरात जाते, चाकापर्यंत सव्वादोन-अडीच युनिट पोचतात. या भावाने ती बॅटरी काठोकाठ भरली तरी तिची किंमत चाळीस-पंचेचाळीस मिलिलिटर पेट्रोल. अर्ध्या कटिंग चहाएवढे!

तरीही ती दिवसात अनेकदा भरते आणि रिकामी होते, म्हणून शहरात तिचा उपयोग आहे. पुण्या-मुंबईत सिग्नलला उभे राहणे, दहा पावले सरकणे, पुन्हा थांबणे, हाच प्रवास असतो. उभ्या गाडीचे इंजिन तासाला अर्धा-पाऊण लिटर पेट्रोल पिते, ते वाचते. पण हरिहरेश्वर ते म्हसळा या वाटेवर सिग्नल कुठला? गाडी थांबते ती म्हशी आडव्या आल्या तर, म्हसळ्याच्या स्टँडपाशी आणि माणगावच्या बाजारपेठेतल्या कोंडीत. पाच दिवसांत मी घड्याळ लावून पाहिले. इंजिन आपोआप बंद राहिले ते दिवसाला सरासरी सहा मिनिटे.

पुतणीला घाटाची आशा होती. ‘उतारावर वीज साठत असेल ना?’ साठते. पण हजार-अकराशे किलोची गाडी पस्तीस मीटर खाली उतरली की तेवढ्यानेच ही बॅटरी भरण्याइतकी ऊर्जा निघते. पुढचा सगळा घाट ब्रेकच्या उष्णतेत जातो. घागर पाण्याखाली धरायची, पण हातात असलेली वाटी, असा तो प्रकार.

घाटावरून एक सांगून ठेवतो. आमच्या पिढीने मारुती ८०० चालवताना उतारावर गिअर काढून गाडी घरंगळत सोडायची सवय लावून घेतली. त्यात पेट्रोल वाचते असा समज होता. आजच्या गाड्यांत नेमके उलटे आहे. गिअरमध्ये ठेवून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की पेट्रोल पूर्ण बंद होते, उतारच इंजिन फिरवतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतेच, वर सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात. घोणसे घाटात ही सवय जिवावर बेतू शकते. पुतणीला ठाऊक नव्हते. माझ्या मते त्या आठ दिवसांतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

आता प्रत्यक्ष मोजमाप. गाडीतल्या पडद्यावरच्या आकड्यावर मी विसंबत नाही. पंपावर नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरली, टायरमध्ये हवा नीट घातली, पाच दिवस गाडी चालवली आणि त्याच पंपावर पुन्हा तशीच भरली. सहाशे पंचवीस किलोमीटरला बत्तीस लिटर लागले. म्हणजे लिटरला साडेएकोणीस. कंपनीचा आकडा वीस-एकविसाच्या घरातला. वळणावळणाचा, चढउताराचा रस्ता पाहता हे उत्तम म्हणायचे. पण याचे श्रेय कोणाचे? हलक्या बांध्याचे, मोठ्या गिअरमध्ये निवांत पळणाऱ्या इंजिनाचे आणि पुतणीच्या पायाचे. एके दिवशी निघायला वीस मिनिटे उशीर झाला, ती भरून काढायला तिने गाडी दामटली. त्या दिवशी पडद्याने सोळा पूर्णांक आठ दाखवले. एरवी तोच पडदा वीस दाखवी.

मग हायब्रिडचा वाटा किती? याचा एक चांगला पुरावा डिझेल सियाझमध्ये सापडतो. साधी होती तेव्हा कंपनीचा आकडा २६.२१ होता, सौम्य हायब्रिड झाल्यावर २८.०९. फरक सात टक्क्यांचा, तोही प्रयोगशाळेतल्या, थांबत-थांबत जाणाऱ्या चाचणीत. गंमत अशी की आज पंपावर मिळते त्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या दोनतृतीयांश. म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमीच. बॅटरीने एका हाताने दिलेले पंप दुसऱ्या हाताने काढून घेतो.

सरकारलाही हा शब्द काही काळ भुलवून गेला होता. विजेच्या वाहनांसाठी २०१५ साली केंद्राची सवलत योजना आली, तिचा लाभ सौम्य हायब्रिडलाही मिळे. १ एप्रिल २०१७ पासून त्यांना वगळण्यात आले. बँकेत आम्ही याला ‘उशिरा झालेली छाननी’ म्हटले असते.

आठव्या दिवशी, संध्याकाळी ओटीवर वही उघडली. महिन्याला चोवीस दिवस, तीन हजार किलोमीटर. लिटरला १०५ रुपये धरले तर पेट्रोल सोळा हजारांचे. कर्जाचा हप्ता साडेसात हजार. विमा, सर्व्हिसिंग, टायर मिळून चार हजार. वर्षाला छत्तीस हजार किलोमीटर धावणारी गाडी पाच वर्षांनी विकून काही येईल हे मी धरलेच नाही. एकूण साडेसत्तावीस हजार. उलट बाजूला माणगावची खोली, डबा आणि आठवड्याला एकदा घरी येणे, असे दहा हजार.

‘हिशोब तुझ्या विरुद्ध आहे,’ मी म्हटले.

तिने वही ओढून घेतली आणि दहा हजारांखाली लिहिले : बाबांना रात्री सोबत, नऊ हजार. ‘आणि माणूस मिळत नाही, ते वेगळं,’ ती म्हणाली. भाऊ आत रेडिओ ऐकत होता. त्याने तो जरा मोठा केला.

राहिला फरक साडेआठ हजारांचा. त्यात हायब्रिडचा हातभार किती? सात टक्के पूर्ण मिळाले असते तर अकराशे रुपये. तिच्या रस्त्याला मी त्याचा तिसरा भाग धरला. महिना साडेतीनशे. त्याउलट रोज वीस मिनिटे लवकर निघून गाडी शांतपणे चालवणे आणि दामटणे यांतला फरक पंचवीस लिटरचा. म्हणजे सव्वीसशे रुपये. पण तो सोळा हजारांत आधीच धरलेला होता.

मग मला एक सुचले. तिच्या कार्यालयातल्या दोघी म्हसळ्याला राहतात. म्हसळा म्हणजे निम्मी वाट. त्या अर्ध्या वाटेचे आठ हजारांचे पेट्रोल तिघींत वाटले तर पुतणीचे महिन्याला पाच हजार तीनशे वाचतात. डाव्या आसनाखालची बॅटरी साडेतीनशे वाचवते आणि त्याच आसनावर बसलेली मैत्रीण अडीच हजारांहून अधिक! इंधनबचतीवर एवढे संशोधन झाले, पण रिकामी जागा भरण्यासारखी युक्ती अजून कोणाला सापडलेली नाही. उरले सव्वातीन हजार. ते वडिलांजवळ राहण्याचे भाडे, असे तिने ठरवले. त्यापुढे बँकेचा माणूस काय बोलणार?

सौद्याआधी तीन गोष्टी मी बजावल्या. खाऱ्या वाऱ्यात गाडी राहणार, तेव्हा ती वर घेऊन खालचा पत्रा बघायचा आणि गंजरोधक लेप द्यायचा. लिथियम बॅटरीची तपासणी कंपनीच्या कार्यशाळेत करून घ्यायची, कारण गावचा मेकॅनिक तिला हात लावणार नाही. आणि ‘हायब्रिड’ या शब्दासाठी एक रुपयाही जास्त द्यायचा नाही. मित्राने हे ऐकून घेतले, हसला आणि पंधरा हजार कमी केले. गाडी मात्र चांगली आहे, हे मी त्यालाही सांगितले. महामार्गावर ती स्थिर चालते, मागची डिकी ऐसपैस आहे, नारळाची दोन पोती आरामात मावतात.

गाडी घेऊन आता चार महिने झाले. पुतणी दर वेळी टाकी भरली की वहीत लिटर आणि किलोमीटर लिहिते आणि महिनाअखेर मला कळवते. एकोणीस, साडेएकोणीस, पावसात एकदा अठरा. परवा फोन भावाने उचलला. मी सवयीने विचारले, ‘काय रे, गाडी किती देते?’

‘ते तिला विचार, दादा,’ तो म्हणाला. ‘मला एवढंच माहीत, साडेसहाला वळणावर हॉर्न वाजतो. मग मी चहा टाकतो.’