वर्षातले दहा दिवस श्वासाविना

झोपेत आपण मिनिटाला साधारण 15 श्वास घेतो. आठ तासांचे झाले 7,200. ते कोणी मोजत नाही. ज्यांचा घसा झोपेत मिटतो, त्यांचे मात्र चुकलेले श्वास मोजावे लागतात.

श्वास किमान 10 सेकंद अडला, तर वैद्यकशास्त्रात तो एक अडथळा. श्वास पूर्ण थांबणं किंवा फार उथळ होणं, दोन्ही यात धरतात. तासाला असे 30 अडथळे आले की हा घसा मिटण्याचा आजार तीव्र. म्हणजे रात्रीत 240. प्रत्येकी 10च सेकंद धरले तरी 40 मिनिटं. वर्षाचे 243 तास, पुरते दहा दिवस धड श्वासाविना! आणि हा झाला कमीत कमी हिशेब.

शेजारी झोपणाऱ्याला हे ऐकू येतं. घोरणं मध्येच तुटतं, छाती-पोट हलत राहतं पण हवा आत जात नाही. मग धापेसारखा एक मोठा श्वास, आणि घोरणं पुन्हा सुरू. याला आपण ‘गाढ झोप’ म्हणतो, याचं मला फार वाईट वाटतं.

2019 च्या जागतिक अंदाजानुसार 30 ते 69 वयाच्या सुमारे 93 कोटी 60 लाख माणसांना हा त्रास आहे. भारतापुरता नंतरचा एक अंदाज 10 कोटींच्या वर जातो.

यातल्या निम्म्याहून अधिक रुग्णांत उताणं झोपल्यावर अडथळे दुप्पट किंवा त्याहून जास्त होतात. जीभ आणि मऊ टाळू वजनाने मागे घशात सरकतात, वाट अरुंद होते. समजा, एखाद्याला उताणं असताना तासाला 40 आणि कुशीवर 10 अडथळे येतात. आठ तासांत 320 विरुद्ध 80. नुसत्या कुशीने 240 वाचले!

म्हणून बनियनला पाठीच्या मधोमध खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवतात. उताणं वळलं की तो टोचतो. उपाय खरा आहे, पण टोचतो म्हणूनच पुष्कळजण पुढे सोडून देतात. शिवाय तीव्र आजारात एवढ्याने भागत नाही. रात्री मास्कमधून हवेचा दाब देणारं सीपॅप यंत्र लागतं.

तान्ह्या बाळाला मात्र हा कुशीचा नियम लावू नका. त्याला उताणंच झोपवायचं; अचानक मृत्यूचा धोका त्यानेच कमी होतो.

मोठ्यांचे हे अडथळे मोजणाऱ्या झोपतपासणीच्या अहवालात उताण्या आणि कुशीवरच्या झोपेचे आकडे बहुधा वेगळे दिलेले असतात. ते डॉक्टरांकडून आवर्जून समजून घ्या.