आपोआप बदलणारे गिअर

दसरा-दिवाळी उलटली, की बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणारी हजारो कुटुंबे आपला संसार मालमोटारींत भरून साखर कारखान्यांची वाट धरतात. गेवराई तालुक्यातील तलवाडा हे गाव टेकडीवरील त्वरितादेवीच्या देवळामुळे पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. देवीच्या नावात त्वरा आहे. परंतु या बाजूने गेवराई, बीड असे करीत दक्षिणेकडे जाणाऱ्या भरल्या गाडीला मांजरसुंब्याचा घाट लागला, म्हणजे त्वरा काही उपयोगी पडत नाही. तेथे हवे असते ते बळ. घाटाच्या पायथ्याशी इंजिनाचा आवाज जड होतो, चालक डाव्या पायाने क्लच दाबतो, डाव्या हाताने दांडा मागे ओढतो, आणि गाडी हळू पण निर्धाराने चढू लागते. चालकाने गिअर बदलला, असे आपण म्हणतो.

हा गिअर बदलावा का लागतो, हे थोड्याशा हिशेबाने कळते. ज्या चाकाचा घेर सुमारे दोन मीटर आहे, असे एक चाक घ्या. गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर ती मिनिटाला १००० मीटर जाते. म्हणजे चाकाच्या मिनिटाला ५०० फेऱ्या होतात. तीच गाडी घाटात ताशी १२ किलोमीटरने चढत असेल, तर चाकाच्या फेऱ्या शंभरच होतात. आणि गाडी उभी असेल, तर चाकाची फेरी शून्य! इंजिनाला मात्र शून्य ठाऊक नाही. मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांच्या खाली ते धडधडत बंद पडते, आणि त्याचे खरे बळ प्रकट होते ते दीड-दोन हजार फेऱ्यांच्या आसपास. चाकाला कधी शंभर फेऱ्या हव्या, कधी पाचशे. इंजिनाला मात्र सदैव हजारांत फिरावयाचे. या दोघांचा मेळ घालण्याचे काम गिअरपेटी करते.

शेतातला धोंडा पहारीने उलथताना आपण हेच करतो. पहारीचे लांब टोक हातभर खाली दाबावे, तेव्हा धोंडा बोटभर हलतो. पण जो धोंडा दोघांना हलला नसता, तो एकट्याला हलतो. हालचाल कमी झाली, तितके बळ वाढले. लहान दंतचक्राने मोठे दंतचक्र फिरवले, की हाच प्रकार घडतो. इंजिनाच्या अनेक फेऱ्यांना चाकाची एक फेरी, असा हिशेब ठेवला म्हणजे वेग घटतो आणि ओढ वाढते. पहिल्या गिअरमध्ये ही ओढ सर्वांत अधिक असते, वरच्या गिअरमध्ये कमी.

आता हे बळ कोणत्या चाकांना द्यावयाचे? मालमोटार, एसटीची गाडी, ट्रॅक्टर, जीप या साऱ्या वाहनांत ते प्रामुख्याने मागच्या चाकांना मिळते. इंजिन पुढे, त्याच्या पाठीमागे गिअरपेटी, तेथून गाडीच्या पोटाखालून मागे जाणारा लांब दांडा, आणि मागच्या आसावर ते बळ दोन्ही चाकांत वाटून देणारी दंतचक्रे, अशी ही मांडणी असते. अॅम्बेसेडर आणि फियाट या एके काळी आपल्या रस्त्यांवर सर्वत्र दिसणाऱ्या मोटारीही अशाच होत्या. १९८३ साली मारुती ८०० आली. तिचे इंजिन पुढच्याच चाकांना ओढी. तेव्हापासून लहान मोटारींनी हळूहळू तीच रीत उचलली; कारण त्यामुळे लांब दांडा वाचतो आणि बसावयास जागा अधिक मिळते. परंतु ओझे वाहणाऱ्या व चढण चढणाऱ्या गाड्यांनी मागची चाके सोडली नाहीत. चढावर गाडीचा भार मागे झुकतो, मागची चाके जमिनीला घट्ट धरतात, आणि पुढच्या चाकांना केवळ वळण्याचे काम उरते. ही विभागणी फार शहाणपणाची आहे.

चालकाची खरी कसोटी लागते ती चढावर गाडी थांबवून पुन्हा निघताना. पाय दोन आणि पट्ट्या तीन: क्लच, ब्रेक आणि इंधनाची. ब्रेक सोडावा तर गाडी मागे घरंगळते. क्लच झटक्याने सोडावा तर इंजिन बंद पडते. मागे दुसरी गाडी उभी असेल, तर चार बोटांची चूकही जिवावर बेतू शकते. जुना चालक हे सहज साधतो. परंतु ते साधेपर्यंत त्याने किती घाम गाळलेला असतो, हे त्यालाच ठाऊक. शिवाय ज्याचा डावा पाय अधू आहे, त्याला तर ही विद्या शिकण्याचीही सोय नाही. क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम यंत्रावरच सोपवता आले तर? हा प्रश्न इंजिनिअरांना फार पूर्वीपासून छळत होता.

उत्तराचा पहिला धागा मोटारीत नव्हे, तर जहाजात सापडला. हेर्मान फ्योटिंगर हा जर्मन इंजिनिअर स्टेटिनच्या व्हल्कन गोदीत काम करीत होता. वाफेचे चक्र फार वेगाने फिरे, आणि जहाजाचा पंखा तर सावकाश फिरावयास हवा. त्या दोहोंना लोखंडाने न जोडता द्रवाने जोडावे, ही कल्पना त्याला सुचली व १९०५ साली त्याने तिचे पेटंट घेतले. ही कल्पना घरच्या घरी समजून घेता येते. विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवावेत आणि एकच सुरू करावा. त्याच्या वाऱ्याने दुसरा, वीज नसतानाही, फिरू लागतो. दुसरा हाताने धरून ठेवला, तरी पहिला बंद पडत नाही. मोटारीत वाऱ्याच्या जागी तेल असते. बंद डब्यात दोन पातीदार चक्रे असतात. एक इंजिनाला जोडलेले, दुसरे गिअरपेटीला. गाडी थांबली, की दुसरे चक्र थांबते, पहिले फिरत राहते. इंजिन बंद पडत नाही आणि क्लचची पट्टीही लागत नाही.

या दोन चक्रांच्या मध्ये आणखी एक लहान पातीदार चक्र बसवलेले असते. दुसऱ्या चक्राला ढकलून परतणारे तेल पहिल्याच्या उलट दिशेने येते. त्याला तसेच येऊ दिले, तर ते पहिल्याला अडवील. मधले चक्र त्या तेलाचा रोख वळवून त्याला पहिल्या चक्राच्या दिशेनेच पाठवते. अडथळा होणारे तेल असे मदतीला लागते, आणि गाडी निघताना इंजिनाची ओढ जवळजवळ दुप्पट होऊ शकते. या यंत्राला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. त्यात दोष एवढाच, की तेल थोडेफार घसरते. त्यामुळे उष्णता निर्माण होते व इंधन वाया जाते. म्हणून नव्या गाड्यांत, वेग स्थिर झाला की दोन्ही चक्रे एकमेकांना घट्ट जखडून टाकणारी चकती बसवतात.

क्लचचा प्रश्न सुटला, राहिला गिअरांचा. येथे जी युक्ती वापरली आहे, ती ग्रहमालेसारखी आहे आणि यंत्रविद्येतील अत्यंत सुंदर युक्त्यांपैकी एक आहे. मधोमध एक दंतचक्र असते. त्याला सूर्य म्हणतात. त्याच्याभोवती फिरणारी तीन-चार लहान चक्रे म्हणजे ग्रह. हे ग्रह एका चौकटीत बसवलेले असतात. आणि या सर्वांना वेढणारे, आतल्या बाजूने दाते असलेले, बांगडीसारखे एक कडे असते. सूर्य, चौकट आणि कडे या तिघांपैकी एकाला इंजिनाचे बळ द्यावे, एकाला धरून ठेवावे, आणि उरलेल्याकडून काम घ्यावे. कोणाला धरले यावर सारा खेळ अवलंबून असतो.

समजा, सूर्याला ३६ दाते आहेत आणि कड्याला ७२. कडे धरून ठेवले आणि सूर्य फिरवला, तर सूर्याच्या तीन फेऱ्यांत चौकटीची एक फेरी होते. म्हणजे वेग एकतृतीयांश झाला आणि ओढ तिप्पट! आता सूर्य धरला आणि कडे फिरवले, तर कड्याच्या दीड फेरीत चौकटीची एक फेरी होते. चौकट धरून सूर्य फिरवला, तर कडे उलट दिशेने फिरते. गाडी मागे घेण्याचा गिअर तो हाच. आणि तिघांपैकी कोणतेही दोन एकमेकांना जखडले, तर सारी ग्रहमाला एकजीव होऊन फिरते. वेग जसाच्या तसा राहतो. एका ग्रहमालेतून इतके प्रकार निघतात. विशेष म्हणजे दाते एकमेकांपासून कधीच वेगळे होत नाहीत; केवळ चकत्यांनी एखाद्याला धरावयाचे वा सोडावयाचे, एवढेच काम असते, आणि ते तेलाच्या दाबाने क्षणार्धात होते. दाते खडखडण्याचा प्रश्नच उरत नाही. पुठ्ठ्याची चक्रे कापून हा प्रयोग कोणीही करून पाहावा.

तेलाची जोडणी आणि ग्रहमाला यांची सांगड घालून मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली पहिली पेटी म्हणजे अमेरिकेतील हायड्रामॅटिक. अर्ल थॉम्सन या इंजिनिअरने तिच्या घडणीत पुढाकार घेतला होता. १९३९ च्या अखेरीस ती ओल्ड्समोबिल मोटारींत बसू लागली. तिच्यात चार गिअर होते. दुसऱ्या महायुद्धात हीच पेटी अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांतही बसवण्यात आली, यावरून तिच्या कणखरपणाची कल्पना यावी. टॉर्क कन्व्हर्टर असलेली डायनाफ्लो ही पेटी १९४८ साली ब्यूकने आणली. या साऱ्या मोटारी मागच्या चाकांवर चालणाऱ्या होत्या.

पुढे गिअरांची संख्या वाढू लागली. २००६ मध्ये लेक्ससच्या एका मोटारीत आठ गिअर आले. २००९ मध्ये जर्मनीच्या झेडएफ या कारखान्याने आपली आठ गिअरांची पेटी बीएमडब्ल्यूच्या मोटारीत आणली. तिच्यात ग्रहमाला अवघ्या चार आणि धरणारे-सोडणारे भाग फक्त पाच. दर वेळी पाचांपैकी तीन आवळलेले असतात व दोन मोकळे. शेजारच्या गिअरमध्ये जाताना एक सुटतो आणि एक आवळतो. २०१३ मध्ये मर्सिडीझने नऊ गिअर केले, तर २०१७ मध्ये जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोन प्रतिस्पर्ध्यांनी मिळून घडवलेल्या पेट्यांत दहा गिअर आले. मागच्या चाकांच्या गाडीत इंजिन उभे लांब बसवलेले असल्यामुळे त्यामागे ग्रहमाला एकापुढे एक ओवण्यास ऐसपैस जागा मिळते. पुढच्या चाकांच्या मोटारीत इंजिन आडवे असते आणि पेटीला अंग चोरून बसावे लागते. गिअर अधिक म्हणजे पायऱ्या लहान, आणि इंजिन आपल्या आवडत्या फेऱ्यांजवळ राहत असल्याने इंधनाची बचत. तरीही आकडा वाढवण्याच्या या चढाओढीत जाहिरातीचा भाग थोडा नव्हता, असे म्हणावयास हरकत नाही.

गिअर केव्हा बदलावा, हे पूर्वी तेलाचा दाब व झडपा ठरवीत. आता ते लहानसा संगणक ठरवतो. चालकाने इंधनाची पट्टी किती दाबली, गाडीचा वेग किती, इंजिनाच्या फेऱ्या किती, हे तो सेकंदात अनेकदा तपासतो. चढ लागला, की चालकाने काही न करता गिअर खाली येतो.

महाराष्ट्रात अशा गाड्या तयारही होतात. पुण्याजवळच्या चाकण येथे मर्सिडीझच्या मोटारींची जुळणी होते. त्यांतील मागच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारींत नऊ गिअरांची स्वयंचलित पेटी असते. नाशिकला बनणाऱ्या महिंद्रांच्या स्कॉर्पिओला २००८ मध्ये सहा गिअरांची स्वयंचलित पेटी मिळाली. २०२२ मध्ये आलेली नवी स्कॉर्पिओ-एन चाकणला तयार होते. तिच्यातही सहा गिअरांच्या स्वयंचलित पेटीची सोय आहे. खेड्यापाड्यांतील रस्त्यांवर मागच्या चाकांची स्वयंचलित गाडी दिसली, तर ती बहुधा याच घराण्यातील असते.

अशा गाडीत पट्ट्या दोनच, आणि दोन्ही उजव्या पायासाठी. डाव्या पायाने अधू असलेल्या माणसालाही नियमानुसार परवाना मिळवून ती चालवता येते. परंतु तिच्या काही रीती निराळ्या आहेत, आणि त्या ठाऊक नसल्या तर घात होतो. तिच्या दांड्याजवळ ‘पी’, ‘आर’, ‘एन’, ‘डी’ अशी अक्षरे असतात: उभे राहणे, मागे जाणे, मोकळे असणे आणि पुढे जाणे. दांडा ‘डी’वर असताना चालकाने ब्रेकवरचा पाय उचलला, की इंधनाची पट्टी न दाबताही गाडी सरकू लागते. म्हणून इंजिन सुरू असलेल्या गाडीपुढे उभे राहू नये आणि मुलांनी तो दांडा कधी हाताळू नये. बॅटरी संपली, तर चार माणसांनी ढकलून ही गाडी सुरू होत नाही. कारण चाके फिरली, तरी तेलातून इंजिनाला पुरेसा हिसका बसत नाही.

याहून मोठी चूक गाडी ओढून नेताना होते. गाडी बंद पडली, की साखळी लावून ट्रॅक्टरने ओढावयाची, ही गावाकडची नेहमीची रीत. पण स्वयंचलित पेटीला तेल पुरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना मागची चाके जमिनीवर फिरत राहिली, तर ग्रहमाला व चकत्या कोरड्या फिरतात आणि काही किलोमीटरांत महागडी पेटी जळून जाते. अशा गाडीची मागची चाके उचलून, किंवा सबंध गाडी दुसऱ्या वाहनावर चढवूनच तिला न्यावे लागते. ही पेटी उघडून दुरुस्त करणारा कारागीर तालुक्याच्या गावीही सहजासहजी मिळत नाही. साधी गिअरपेटी आपल्याकडचे कारागीर झाडाखाली उघडून बसवतात. त्या विद्येची किंमत येथे कळते.

विजेच्या गाडीत मात्र हा सारा खटाटोप बाजूला पडतो. विजेची मोटार शून्य फेऱ्यांपासूनच पूर्ण ओढ देते. तिला बंद पडण्याचे भय नाही. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) धावली. त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी ‘शिवाई’ ही विजेवर चालणारी एसटी सुरू झाली. तिच्या चालकाला दाबावयास क्लच नाही आणि बदलावयास गिअरही नाही.