येळगंगा : कड्याखालची नदी

पावसाळ्यात वेरूळला आलेला पाहुणा येळगंगा पाहतो ती उडी घेताना. 29 क्रमांकाच्या लेण्याशेजारी, म्हणजे धुमार लेण्यालगत, ती कड्यावरून सीतेच्या न्हाणीत कोसळते. लोक भिजतात, फोटो काढतात आणि परततात. नदीचं खरं काम त्याच्या पुढे, शिवारात, सुरू होतं. तिकडे कोणी फिरकत नाही, याचं मला वाईट वाटतं.

तिचा उगम म्हैसमाळच्या बाजूच्या डोंगरांत. माथ्यावर माती पातळ आणि खाली उघडा पाषाण, त्यामुळे पडलेला पाऊस थांबतच नाही. वरचा बंधारा भरून सांडू लागला की धबधब्याला जोर चढतो. याच माथ्यावर, पात्राच्या आजूबाजूला, गणेश लेणी आणि जोगेश्वरीची लेणी आहेत. खालच्या गर्दीतले फार थोडे तिथवर चढतात.

कडा कसा झाला ते समजल्याशिवाय ही नदी समजत नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर एकावर एक आडवे पसरले. प्रत्येक थराची प्रकृती वेगळी. कुठे बारीक कणांचा, एकसंध काळा पाषाण. कुठे वायूच्या बुडबुड्यांनी भोकं पडलेला मांजऱ्या खडक. या भोकांत पांढरी, हिरवट खनिजं भरलेली दिसतात. दोन थरांच्या मध्ये कधी तांबड्या मातीची पट्टी असते. पश्चिमेकडे तोंड असलेल्या या उतारावर सुमारे दोन किलोमीटरमध्ये 34 लेणी कोरली गेली. छिन्नीला सोयीचा होता तो एकसंध पाषाण. पाण्याचा हिशोब मात्र उलटा आहे. या पाषाणात पाणी मुरतं ते फक्त चिरांमधून. मांजऱ्या कुजला, सुटा झाला, की पाणी धरून ठेवतो. शिल्पकाराने टाळावा असा खडक शेतकऱ्याला विहिरीत हवा असतो.

वेरूळच्या शिवारातल्या एखाद्या जुन्या, न बांधलेल्या विहिरीत डोकावून पाहावं. वर काळी माती, उन्हाळ्यात भेगाळलेली. तिच्याखाली चुनखडीचे खडे मिसळलेला मुरूम, मग मांजऱ्या, आणि तळाशी फोडायला कठीण असा काळा दगड. पाझर बहुधा मुरूम आणि मांजऱ्याच्या पट्ट्यातच दिसतो. तिथे ओल असते, शेवाळ धरतं. येळगंगा वाहते ते पावसाळ्यापुरतं. पण पात्रातलं पाणी याच पट्ट्यात उतरतं आणि पुढचे काही महिने विहिरींतून वर येतं. कापूस आणि मका पावसावर तगतात. रब्बीचा गहू-हरभरा आणि या भागाची ओळख झालेली अद्रक यांना मात्र विहीर लागते. म्हणून ही नदी किती महिने वाहते ते विचारण्यापेक्षा तिच्या काठच्या विहिरी कोणत्या महिन्यापर्यंत पुरतात ते विचारावं.

या पाण्याच्या आधाराने माणूस फार पूर्वीपासून इथे राहिला. घृष्णेश्वराचं देऊळ आणि शिवालय तीर्थ याच परिसरात आहेत. मालोजीराजे भोसल्यांचं घराणं इथलंच, आणि तेराव्या शतकात चक्रधरस्वामींचा दीर्घ मुक्कामही इथेच झाला.

1972 च्या दुष्काळानंतर मराठवाड्यात पाझर तलाव आणि नालाबांध झाले, 2014 नंतर जलयुक्त शिवारातून ओढे खोल करण्यात आले. खोलीकरण करताना पात्राखालचा खडक कोणता, हे आधी पाहायलाच हवं. मांजऱ्यावर अडवलेलं पाणी मुरतं. एकसंध पाषाणावर अडवलेलं उन्हात आटून जातं. उलट, मुरणारा थर यंत्राने खरवडून काढला तर शेजारच्या विहिरीचं पाणी चरात उतरतं आणि विहीर लवकर तळ गाठते. लेण्यांना 1983 मध्ये जागतिक वारसा म्हणून मान मिळाला आणि त्यांच्या खडकाचा अभ्यास थरागणिक झाला. तोच अभ्यास कड्याखालच्या शेतापर्यंत न्यायला हवा. बंधाऱ्याची जागा ठरवण्याआधी गावाने आपल्या विहिरींचे थर आणि दिवाळीतली, होळीतली पाणीपातळी ग्रामपंचायतीच्या वहीत उतरवून ठेवावी.

जे मुरत नाही ते पुढे शिवना नदीला मिळतं, आणि शिवनेतून गोदावरीला.